गट्टुसो नुसता पळत नव्हता

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाचा सोळा वर्षांचा, मिडफिल्डला खेळतो. दम भरपूर, पण ड्रिब्लिंग बेताचं आणि लांबचा पास जमत नाही. त्याचे सर सारखे म्हणतात, "तू गट्टुसोसारखा खेळ." तर इटलीचा मिडफिल्डर गट्टुसो खरंच निव्वळ मेहनतीवर एवढा मोठा झाला का, आणि या पोराने त्याच्याकडून नेमकं काय उचलावं?

मी कोल्हापुरात तालमीच्या संघातून हाफला, म्हणजे मिडफिल्डला, खेळलो आणि आता बरीच वर्षं पोरांना शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी उत्तर: निव्वळ मेहनतीवर तो मोठा झाला नाही. जीव तोडून पळणारे हाफ इटलीत तेव्हा पैशाला पासरी होते. त्यातले बहुतेक खालच्या फळीतल्या संघांमध्ये आयुष्यभर पळत राहिले. गट्टुसोने मिलान क्लबकडून दोनदा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली, इटलीकडून वर्ल्ड कप जिंकला. कुठे पळायचं हे त्याला कळत होतं, आणि बॉल पायात आल्यावर काय करायचं नाही हे त्याहून चांगलं कळत होतं. त्याचं वेड, ओरडणं, दाढी, इटालियन लोकांनी ठेवलेलं "रिंगियो" हे गुरगुरणाऱ्या कुत्र्यावरचं टोपणनाव, हे सगळं टीव्हीवर दिसतं. हे कळणं मात्र टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो.

त्याचा जन्म 9 जानेवारी 1978 चा, इटलीच्या पार दक्षिणेला कलाब्रिया भागातल्या कोरिलियानो कालाब्रो इथला. समुद्रकाठची कोळी वस्ती, वडील सुतार आणि तेही फुटबॉलचे शौकीन. लहान वयातच घर सोडून तो पेरुजाच्या युवा संघात गेला आणि 1996-97 च्या मोसमात पेरुजाकडूनच सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, उतरला. इथवरची गोष्ट तिथल्या शेकडो पोरांसारखीच.

वेगळं वळण आलं ते 1997 मध्ये. एकोणीस वर्षांचा हा मुलगा थेट स्कॉटलंडला, ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेला. इटलीतली तरुण पोरं तेव्हा बाहेर जात नव्हती. जगभरचे खेळाडूच इटलीत येत होते. भाषा येत नाही, हवा बेकार, आणि खेळ कमालीचा वेगवान. पण वॉल्टर स्मिथ नावाचे प्रशिक्षक भेटले, ज्यांना तो पुढे कायम वडिलांच्या जागी मानत आला. स्कॉटलंडमध्ये जोरात टॅकल केला की गोल झाल्यासारखं स्टेडियम उठतं. आपला हा गुण कुठेतरी लोकांना हवा आहे, हे त्याला तिथे कळलं असणार. शिवाय हेडरवरून खाली पडणारा, कुणाच्याच मालकीचा नसलेला बॉल पहिल्यांदा कोण उचलतो, यावर तिथे अर्धा सामना ठरतो. त्या बॉलचा वास गट्टुसोला पुढे आयुष्यभर येत राहिला. बायकोही त्याला ग्लासगोतच भेटली, हे जाता जाता.

आता तुमच्या भाच्यासाठी महत्त्वाचा प्रसंग. 1998 मध्ये स्मिथ गेले आणि डिक ॲडव्होकाट आले. त्यांना गट्टुसो राइट बॅकला हवा होता. दम आहे, टॅकल आहे, मग टाका बॅकला, हा जगभरच्या प्रशिक्षकांचा आवडता हिशेब. आपल्याकडेही रोज चालतो. गट्टुसोचं मन त्यात रमेना. तो हंगाम सुरू असतानाच सालेर्नितानाला गेला. रेंजर्ससारखा मोठा क्लब सोडून सेरी आ मध्ये कसाबसा तग धरू पाहणाऱ्या संघात. संघ त्या वर्षी खालच्या विभागात घसरलाही. पण हा गडी मात्र मिडफिल्डला खेळत राहिला, आणि 1999 मध्ये नुकत्याच लीग जिंकलेल्या मिलानने त्याला घेतलं. विसाव्या वर्षी आपली जागा कोणती हे एवढं ठाम माहीत असणं, याला मी त्याच्या दमापेक्षा जास्त मार्क देतो.

आता मिलान. इथे जरा रेंगाळतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

कार्लो आंचेलोत्ती नोव्हेंबर 2001 मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी मिलानने इंटरकडून आंद्रेआ पिर्लोला आणलं होतं. पिर्लो मुळात फॉरवर्डच्या मागे खेळणारा, दहा नंबरचा माणूस. ब्रेशियाला असताना कार्लो माझ्झोने यांनी त्याला खाली, बचावफळीच्या पुढ्यात बसवून पाहिलं होतं, कारण तिथे दहा नंबरला साक्षात रोबेर्तो बाज्जो होता. आंचेलोत्तींनी तेच मिलानमध्ये केलं. कल्पना सुंदर, पण अडचण उघड. बचावफळीच्या समोर, म्हणजे जिथे एरवी प्रत्येक संघ आपला सगळ्यात दांडगा माणूस उभा करतो, तिथे मिलानने सगळ्यात नाजूक माणूस उभा केला. पिर्लोच्या डावीकडे सीडॉर्फ, समोर रुई कोस्टा आणि 2003 पासून ब्राझीलचा काका. हे सगळे बॉलचे कलाकार. राहिला उजवीकडे एक गट्टुसो.

त्या रचनेत चार मिडफिल्डर हिऱ्याच्या आकारात उभे असत आणि विंगर नसत. विंगर नसले की टचलाइनजवळची सगळी जमीन मोकळी पडते. ती भरून काढायला साइड बॅक पुढे जातात. आणि मिलानचा राइट बॅक 2003 पासून होता कॅफू. कॅफू एकदा सुटला की परत कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणजे गट्टुसोच्या वाट्याला काय काय आलं बघा. कॅफू पुढे गेला की त्याच्या मागची जागा. पिर्लोवर कोणी धावून आलं की त्याच्या बाजूची जागा. काका वर राहिला की मधली जागा. तीन माणसांची राखण एकट्याकडे, आणि तीही एकाच वेळी करता येत नाही. एकीकडे गेलं की दुसरी उघडी पडते. मग दर क्षणी ठरवावं लागतं, आत्ता सगळ्यात धोक्याचं कोणतं?

नुसता दमवाला खेळाडू इथेच फसतो. तो बॉलच्या मागे जातो. बॉल डावीकडे गेला की हा डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. कपडे मळतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि तो जिथून निघाला त्या जागेतून गोल होतो. गट्टुसोचे जुने सामने काढून बघा. बॉल मिलानच्या डाव्या बाजूला असतो तेव्हा तो चक्क चालत असतो. चालता चालता पिर्लोच्या जवळ सरकतो, मान वळवून मागे बघतो, पुन्हा पुढे बघतो. बॉल उजवीकडे वळवणारा पास निघायच्या क्षणी मात्र तो सुटतो, आणि पास पोचतो तोवर हाही पोचलेला असतो. लोकांना दिसते ती शेवटची दहा मीटरची झेप. तिच्या आधीचं चालणं कोणी बघत नाही.

आणि बॉल जिंकल्यावर? दोन स्पर्श. फार तर तीन. पाच-सात मीटरवर पिर्लो उभा असायचाच, कारण गट्टुसो मुळातच त्याच्या जवळपास बॉल जिंकायचा. बॉल द्यायचा आणि पुन्हा जागेवर. मिलानकडून तेरा हंगामांत 468 सामने आणि गोल फक्त 11. मिडफिल्डरच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे, पण मला त्यात त्याचं शहाणपण दिसतं. लांबून फटका मारायचा मोह त्याला होत नसेल असं नाही. 15 नोव्हेंबर 2000 ला तुरीनमध्ये इंग्लंडविरुद्ध त्याने लांबून असा काही हाणला की गोलकीपर डेव्हिड जेम्सला हलायला वेळ मिळाला नाही. इटली 1-0 ने जिंकली. इटलीकडून 73 सामन्यांत तो त्याचा एकमेव गोल. असा गोल एकदा जमला की निम्मे खेळाडू पुढची दोन वर्षं प्रत्येक सामन्यात तसाच फटका मारत बसतात. हा बसला नाही.

या मिडफिल्डच्या जोरावर मिलानने 28 मे 2003 ला ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसला पेनल्टींवर हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि पुढच्या वर्षी सेरी आ.

एक सामना जवळून सांगतो. 2 मे 2007, सान सिरो, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, समोर मँचेस्टर युनायटेड. पहिली लढत युनायटेडने 3-2 अशी घेतलेली, आणि त्या मोसमातला क्रिस्टियानो रोनाल्डो म्हणजे बॅक लोकांच्या झोपा उडवणारा प्रकार. पावसाने मैदान निसरडं. मिलान 3-0 ने जिंकली. काका, सीडॉर्फ, जिलार्दिनो यांनी गोल केले आणि नावं त्यांचीच छापून आली. पण त्या रात्री रोनाल्डो गट्टुसोच्या बाजूला आला की काय होत होतं ते बघा. गट्टुसो लगेच पाय घालत नाही. आधी तो रोनाल्डो आणि मधली जागा यांच्यामध्ये येतो, अंग तिरकं ठेवून, म्हणजे रोनाल्डोला जायचंच असेल तर टचलाइनकडे जावं लागेल. एक हात अंतरावर, गुडघे वाकलेले. मागून राइट बॅक ओद्दो आला याची खात्री होईपर्यंत हा फक्त वाट अडवतो. ओद्दो आला की मग झडप. रोनाल्डो वेगवान होता, पण दोन माणसं आणि पांढरी रेघ यांच्या कोंडीत वेगाचं काय करणार? टॅकलचा जोर सगळ्यांना आठवतो. टॅकल लांबवण्याचा संयम फार थोड्यांच्या लक्षात येतो. मिलानने पुढे 23 मे ला अथेन्समध्ये लिव्हरपूलला 2-1 हरवून कप उचलला.

2006 च्या वर्ल्ड कपकडेही याच नजरेने बघावं. इटलीच्या पहिल्या सामन्यात, घानाविरुद्ध, गट्टुसो नव्हता. दुसऱ्या सामन्यात अमेरिकेविरुद्ध दे रॉस्सीने कोपर मारून रेड कार्ड घेतलं, संघ दहा जणांवर आला, आणि प्रशिक्षक लिप्पींनी अर्ध्या तासानंतर तोत्तीला काढून गट्टुसोला उतरवलं. तिथून फायनलपर्यंत तो संघात पक्का झाला. इटलीने त्या अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल खाल्ले. एक झाक्कार्दोचा स्वयंगोल, दुसरा फायनलमध्ये झिदानची पेनल्टी. म्हणजे समोरच्या एकाही खेळाडूला चालू खेळात इटलीवर गोल करता आला नाही! श्रेय अर्थातच आधी गोलकीपर बुफॉन आणि बचावपटू कॅनाव्हारोचं. पण कॅनाव्हारोच्या समोर बॉल पोचायच्या आधी मधे एक चाळणी होती, तीही ध्यानात घ्या. 9 जुलैला बर्लिनमध्ये तो एकशेवीस मिनिटं खेळला, पेनल्टीच्या पाचांत त्याचं नाव नव्हतं, आणि जिंकल्यावर चड्डीवर मैदानभर नाचला. तो व्हिडिओ तुमच्या भाच्याने नक्की बघितला असेल.

आता दुसरी बाजू. ती न सांगता पोरांना "गट्टुसो हो" म्हणणं मला पटत नाही.

तो आगीचा माणूस होता आणि आग कधीकधी स्वतःच्याच घराला लागायची. 2005 ची लिव्हरपूलविरुद्धची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल घ्या. मिलान मध्यंतराला 3-0 ने पुढे. मग सहा मिनिटांत तीन गोल गेले, आणि तिसरा ज्या पेनल्टीतून आला ती गट्टुसोने जेरार्डला मागून पाडल्यामुळे होती. जेरार्ड आतल्या जागेत आधीच सुटला होता. मागून पोचणाऱ्याकडे अशा वेळी धक्क्याशिवाय काही उरत नाही.  2008 च्या युरोमध्ये फ्रान्सविरुद्ध त्याला आणि पिर्लोला दोघांनाही स्पर्धेतलं दुसरं यलो कार्ड मिळालं. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनसमोर दोघेही बाहेर, इटली पेनल्टींवर हरली. आणि फेब्रुवारी 2011 मध्ये तर टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यानंतर त्याने त्यांच्या प्रशिक्षकवर्गातल्या जो जॉर्डनला चक्क डोक्याने टक्कर दिली. नंतर चूक कबूल केली, पण युरोपात पाच सामन्यांची बंदी बसली. असल्या किश्शांवर लोक हसतात, मीम करतात. ड्रेसिंग रूममध्ये मात्र अशा बंदीचा अर्थ एवढाच असतो की पुढच्या सामन्याला आपला माणूस नाही.

शरीराचंही तेच. डिसेंबर 2008 मध्ये कातानियाविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा क्रुसिएट लिगामेंट गेला आणि तरी तो खेळत राहिला. ही गोष्ट मर्दुमकी म्हणून सांगतात. मी पोरांना ती मुद्दाम उलट सांगतो: गुडघ्यात काही तुटल्यासारखं वाटलं तर तिथेच खाली बसायचं. गट्टुसोचे बाकीचे महिने मिलानच्या डॉक्टरांच्या देखरेखीत गेले. आपल्याकडे लिगामेंटचं ऑपरेशन म्हणजे घरावर कर्ज.

2011 च्या सप्टेंबरमध्ये, लाझिओविरुद्ध मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, त्याला एकाचे दोन दिसू लागले. आधी काही कळेना, मग निदान झालं: ऑक्युलर मायस्थेनिया, म्हणजे डोळ्यांच्या स्नायूंना बळ न राहण्याचा विकार. मोसमाचा मोठा भाग बाहेर काढून तो परतला, आणि 2012 च्या मे मध्ये नेस्ता, इन्झागी, सीडॉर्फ यांच्याबरोबरच मिलानमधून बाहेर पडला.

प्रशिक्षक म्हणून त्याची वाट सरळ नाही. स्वित्झर्लंडचा सिओन, पालेर्मो, क्रीट बेटावरचा ओएफआय, जिथली त्याची मोडक्या इंग्रजीतली पत्रकार परिषद अजून लोक एकमेकांना पाठवतात. पिसा क्लबला 2016 मध्ये त्याने सेरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या विभागात, चढवलं. नोव्हेंबर 2017 मध्ये मिलानचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच सामन्यात बेनेव्हेंतोच्या गोलकीपरने शेवटच्या क्षणी हेडर मारून 2-2 केलं! 2018-19 मध्ये चॅम्पियन्स लीगची जागा एका गुणाने हुकली. त्याने पद सोडलं आणि कराराची उरलेली दोन वर्षं असताना त्या पगारावर पाणी सोडलं. नापोलीबरोबर 2020 चा इटालियन कप जिंकला. जून 2025 मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्याच्याकडे आली. आणि गंमत म्हणजे प्रशिक्षक म्हणून त्याचे संघ नुसते धावपळ करणारे नव्हते. नापोलीत तर तो गोलकीपरपासून छोट्या पासांनी खेळ उभा करायला लावायचा. आयुष्यभर पिर्लोला बॉल आणून देणाऱ्याला बॉलची किंमत माहीत असणारच.

आता भाच्याबद्दल. ड्रिब्लिंग बेताचं असेल तर असू दे, पण पाच ते दहा मीटरचा पास डोळे झाकून जमला पाहिजे. उजव्या पायाने आणि डाव्यानेही. "लांबचा पास जमत नाही" याची मला काळजी नाही; जवळचा चुकतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते मैदानावर जाऊन स्वतः बघा. मी पोरांना चार विरुद्ध दोन खेळवतो, छोट्या चौकोनात. मधल्या दोघांनी बॉल जिंकला तर नुसतं जिंकून भागत नाही. दोन स्पर्शांत आपल्या जोडीदाराला द्यायचा, नाहीतर पुन्हा मधेच. पहिल्या आठवड्यात दमवाली पोरं वैतागतात. बॉल जिंकल्याच्या आनंदात ती वर बघायलाच विसरतात.

दुसरं, त्याला विचारा की बॉल त्याच्यापासून लांब असताना तो कुठे बघतो. उत्तर "बॉलकडे" असेल तर कामाला सुरुवात तिथून करायची. बॉल दुसऱ्या बाजूला आहे तोवर दोन्ही खांद्यांवरून मागे बघायची सवय लावायची. सुरुवातीला सरांनी बाजूने ओरडून आठवण करावी लागते, नंतर मान आपोआप वळते.

तिसरं सरांसाठी. गट्टुसो हवा असेल तर त्याच्याजवळ एक पिर्लोही लागतो. संघात बॉल नीट वाटणारा एखादा तरी मुलगा असेलच. या पोराला त्याच्या शेजारी खेळवा, त्याच्यापासून लांब विंगवर नको. आणि बॅकला तर नकोच, किमान अठरा वर्षांचा होईपर्यंत. पावसाळ्यात शाहू स्टेडियमवर चिखल झाला की सगळेच गट्टुसो वाटतात. कोरड्या मैदानावर बघून ठरवा.

दाखवायला एकच सामना निवडायचा तर मी इस्तंबूलचा पहिला हाफ दाखवेन, अथेन्स नाही, बर्लिनही नाही. त्या पंचेचाळीस मिनिटांत मिलान जे खेळलं ते फार थोड्या संघांना जमलंय. भाच्याला सांगा, बॉल सोड आणि कॅफूवर नजर ठेव. तो पुढे निघाला की व्हिडिओ थांबवा आणि विचारा, आठ नंबर, म्हणजे गट्टुसो, आत्ता कुठे आहे? मग दुसऱ्या हाफची पहिली पंधरा मिनिटंही दाखवा, जेरार्डला पाडतो तिथपर्यंत, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.